मारुती ८०० चा अंधारा मीटर आणि न लागणारा ऑइलचा दिवा

गाडी मारुती ८००, २००४ चं मॉडेल, पेट्रोल, इंजेक्शनवाली, पासिंग परत करून घेतलेली. मालक आमच्या गल्लीतले जिभाऊ, घर अमळनेरात आणि शेती तापीकडच्या शिवारात, चोपडा रोडने जायचं मग आत कच्च्या रस्त्याला वळायचं. तक्रार एवढीच की रात्री मीटर दिसत नाही. काटे फिरतात, दिवसा सगळं ठीक, पण पाठीमागचा उजेड गेलेला, डावी बाजू पूर्ण काळी आणि उजवीकडे पेट्रोलच्या काट्याजवळ थोडं पिवळं पिवळं दिसतं तेवढंच. "मीटरमा काही दखास नही भाऊ", असं म्हणत ते चावी घेऊनच आले.

आता कोणी म्हणेल मीटर नाही दिसला तर काय बिघडतं, गावच्या रस्त्याला कोण स्पीड बघतं. पण जिभाऊंचं रात्रीचं जाणं चुकत नाही, शेतीची थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीत आली की मोटर चालू करायला जावंच लागतं, कपाशी असो की केळी, पाणी तर द्यायचंच. आणि मीटर दिसावा म्हणून ते काय करायचे तर गाडीतला छताचा लाईट लावून चालवायचे. हे ऐकून मला खरंच काळजी वाटली, कारण आत उजेड केला की तोच उजेड समोरच्या काचेवर आतून पडतो, बाहेरचं कमी दिसतं, डोळ्याला उजेडाची सवय लागते आणि समोर बिनलाईटची बैलगाडी किंवा ऊस-कपाशीची ट्रॉली असली तर ती उशिरा दिसते. मोबाइलचा टॉर्च मीटरवर मारून बघायचा हा दुसरा उपाय, तोही तसाच वाईट, एक हात स्टिअरिंगवरून गेला आणि नजर पण.

तर काम ठरलं बल्ब बदलायचं. पण मी मीटरला हात लावायच्या आधी बाहेरून जे बघता येतं ते सगळं बघून घेतो, आणि या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच सापडली, एकही स्क्रू न काढता.

पहिलं म्हणजे पार्किंग लाईट लावून गाडीच्या मागे जाऊन बघायचं. बहुतेक गाड्यांत मीटरचा उजेड आणि मागचे लाल दिवे एकाच पार्किंगच्या लाइनवर असतात, त्यामुळे दोन्ही गेले असतील तर बल्ब नाही, फ्यूज गेलाय किंवा स्विचमध्ये गडबड आहे, आणि मग मीटर उघडणं फुकट. बऱ्याच गाड्यांत मीटरचा उजेड कमीजास्त करायचं एक छोटं चाक असतं, गाडी पुसताना ते फिरतं आणि लोक मीटर खोलून बसतात, तेही आधी फिरवून बघा. इथे मागचे दिवे व्यवस्थित होते, मीटरमध्ये अर्धवट का होईना उजेड होता, म्हणजे फ्यूज शाबूत, लाइन येतेय, बल्बच गेलेत किंवा त्यांचे होल्डर.

दुसरं, इंजिन चालू न करता चावी फक्त ऑनवर आणायची आणि मीटरकडे नीट बघायचं. चावी ऑन केली की ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे, बॅटरीचा लाल लागला पाहिजे, हँडब्रेक ओढलेला असेल तर तो, इंजिन चेकचा पिवळा. मग इंजिन सुरू झालं की एकेक विझले पाहिजेत. जिभाऊंच्या गाडीत बॅटरीचा लागला, हँडब्रेकचा लागला, पिवळा लागला. ऑइलचा नाही लागला. परत चावी बंद करून ऑन केली, नाहीच.

जिभाऊंना विचारलं हा कधीपासून लागत नाही, तर त्यांना माहीतच नव्हतं, आणि त्यात नवल काही नाही. मीटरमधला दिवा नको तेव्हा लागला तर लगेच दिसतो, पण लागायला पाहिजे तेव्हा लागलाच नाही तर ते कोणाच्या लक्षात येणार. उलट इंजिन चालू असताना दिवा नाही म्हणजे सगळं चांगलं असंच आपण धरून चालतो.

ऑइलच्या दिव्याचं काम कसं चालतं ते इथे सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिनच्या ब्लॉकवर एक छोटा स्विच बसवलेला असतो, त्याला एकच वायर. इंजिन बंद असलं की ऑइलला प्रेशर नसतं, तेव्हा तो स्विच वायरला इंजिनच्या बॉडीशी म्हणजे अर्थिंगशी जोडून ठेवतो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, पंपाने प्रेशर बनवलं की स्विच उघडतो आणि दिवा विझतो. चालत्या गाडीत हा दिवा लागला तर त्याचा अर्थ ऑइल कमी आहे असा नाही, त्याचा अर्थ प्रेशरच नाही, म्हणजे क्रँकच्या, इंजिनमधल्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाहीये आणि गाडी तिथल्या तिथे बंद करायला पाहिजे. तसंच चालवत राहिलं तर थोड्याच अंतरात इंजिन जाम होतं. आता विचार करा, शिवाररस्त्याला दगडावर ऑइल चेंबर घासलं, नटातून ऑइल गळून गेलं, आणि सांगणारा दिवाच मेलेला. ७९६ सीसीचं छोटं इंजिन, पण ते उतरवून क्रँक, बेअरिंग करायचा खर्च जुन्या ८०० च्या किमतीच्या मानाने केवढा होतो ते ज्याने केलंय त्याला विचारा.

म्हणून बल्बची गोष्ट बाजूला ठेवून आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल किती आहे ते बघायची पट्टी, काढली. गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड. ऑइल खालच्या खुणेच्या जरा वर होतं, काळं होतं पण होतं. जिभाऊ म्हणाले, "मंग आतेपावत कशी चालनी गाडी?" तर ऑइल होतं म्हणून चालली, दिवा बघत होता म्हणून नाही.

मग स्विचची वायर. चावी ऑन ठेवायची, इंजिन बंद, स्विचवरून वायर ओढून काढायची आणि तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवायचं. दिवा लागला तर स्विच खराब, नाही लागला तर गडबड वायरमध्ये किंवा मीटरमध्ये. इथे नाही लागला. इतकी सोपी परीक्षा आहे ही आणि यामुळे नवा स्विच आणायचे पैसे वाचले, कारण एका मेकॅनिकने आधी न बघताच स्विच बदलून टाका असं सांगितलं असतं तर जिभाऊंनी बदलला पण असता. म्हणजे आता दोन्ही तक्रारी मीटरच्या आतल्याच निघाल्या, उजेडाची पण आणि ऑइलच्या दिव्याची पण.

उघडायचं काम सकाळीच काढलं, दिवस वैशाखाचे, आमच्याकडे दुपारी पारा ४५ च्या आसपास, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीत तर बसवत नाही. शिवाय इतकी वर्षं असा ताव खाल्लेलं डॅशचं प्लास्टिक ठिसूळ होतं, त्याला घाई चालत नाही. जिथे अडकलं तिथे ओढायचं नाही, अजून एक स्क्रू कुठे राहिलाय का ते शोधायचं, हा एक नियम पाळला तरी निम्म्या फुटक्या क्लिपा वाचतात.

सगळ्यात आधी दहाचा पाना घेऊन बॅटरीची मायनस काढून बाजूला ठेवली. मीटरच्या मागे कायम करंट असणाऱ्या वायरी असतात, स्क्रू ड्रायव्हर निसटला की फ्यूज उडतो नाहीतर मीटरची पट्टी जळते. या ८०० ला एअरबॅग नाही, पण तुमच्या गाडीत असेल तर बॅटरी काढल्यावर थोडा वेळ थांबा आणि स्टिअरिंगच्या भागातल्या पिवळ्या कनेक्टरला अजिबात हात लावू नका, ते काम घरी करायचं नाहीच.

मग मीटरभोवतीच्या कव्हरचे स्क्रू. काही समोर दिसतात, काही वरच्या कडेला आतल्या बाजूला लपलेले असतात, मोबाइलचा कॅमेरा आत धरून बघितलं की दिसतात. स्टार स्क्रू ड्रायव्हर चांगल्या टोकाचा घ्या, झिजलेला घेतला तर स्क्रूचं डोकं जातं. काढलेले स्क्रू एका वाटीत, लांब आणि आखूड वेगवेगळे, कारण लांब स्क्रू चुकीच्या भोकात घातला तर प्लास्टिक फाटतं. कव्हर निघाल्यावर मीटरचे स्वतःचे स्क्रू, आणि मग मीटर थोडा पुढे येतो. थोडाच. कारण मागून स्पीडोमीटरची केबल लागलेली असते.

या जुन्या गाड्यांत स्पीडचा काटा तारेवर चालतो, गिअरबॉक्समधून एक फिरणारी केबल वर मीटरपर्यंत येते. तिचं टोक प्लास्टिकच्या क्लिपने अडकलेलं असतं, मीटर जितका पुढे येईल तितका आणून मागून हात घालून क्लिप दाबायची आणि केबल सरळ मागे सोडायची. इथे जोर लावला तर एकतर क्लिप तुटते किंवा मीटरचं नळकांडं तुटतं, आणि मग पूर्ण मीटर शोधत भंगारवाल्यांकडे धुळ्या-जळगावला फिरा. केबल निघाल्यावर वायरिंगचे कनेक्टर, त्यांच्या कानाला दाबून, वायर धरून ओढायचं नाही. काढायच्या आधी फोटो काढून ठेवले.

मीटर टेबलावर जुन्या चादरीवर पालथा ठेवला. पाठीमागे एक पातळ लवचिक पट्टी असते, प्लास्टिकची, तिच्यावर तांब्याच्या रेषा, याच रेषांवरून सगळ्या बल्बांना करंट जातो. आणि त्यात गोल होल्डर खोचलेले, पाव फेरा डावीकडे फिरवला की होल्डर बाहेर येतो, बल्ब त्यातून सरळ ओढायचा. बल्बला टोपी नसते, खालच्या चपट्या काचेतून दोन तारा निघून दोन बाजूंना वाकवलेल्या असतात. दुकानात याला मीटर बल्ब म्हणा किंवा कॅपलेस म्हणा, कळतं.

उजेडाचे बल्ब काढून बघितले. एकाची तार तुटलेली, काच आतून काळी. दुसऱ्याची काच आरशासारखी काळपट झालेली, तार वाकडी, तो कधी लागायचा कधी नाही. काच काळी होते कारण आतली टंगस्टनची तार जळता जळता हळूहळू उडत जाते आणि काचेवर बसते. आणि उजेडाचे सगळे बल्ब एकत्रच लागतात, एकत्रच विझतात, म्हणून एक गेला की बाकीचे त्याच्या मागेच असतात. फक्त मेलेला बदलून मीटर परत बसवायचा आणि पुढच्या महिन्यात परत सगळं उघडायचं, यापेक्षा सगळे एकदमच बदललेले चांगले. बल्ब स्वस्त, वेळ उघडझाकीलाच जातो.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-ओहम मोजायचं छोटं यंत्र, असेल तर बल्ब नुसता डोळ्याने बघू नका, ओहमवर (तारेचा अडथळा मोजायच्या खुणेवर) लावून बघा. थंड बल्ब थोडेच ओहम दाखवतो, गरम झाल्यावरच्या मानाने फारच कमी, ३.४ वॅटचा बल्ब जळत असताना साधारण ४२ ओहम असतो पण थंडपणी त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. आकडा कमी आला म्हणून शॉर्ट समजू नका. काहीच नाही आलं तर तार तुटलेली.

आता ऑइलच्या दिव्याचा बल्ब. काढला, काच स्वच्छ, तार सरळ, मल्टिमीटरने चांगला दाखवला, बॅटरीवर वायर लावून बघितला तर छान लागला. म्हणजे बल्ब मेलेलाच नव्हता! मग होल्डर बघितला तर त्याच्या पितळी कानांवर हिरवं चढलेलं, आणि लवचिक पट्टीवरच्या तांब्यावर त्याच जागी हिरवा-काळा डाग. तिथून वर बघत गेलो तर पट्टीवर मातकट पाणी वाळून गेल्याचा ओघळ, वरच्या कोपऱ्यातून खाली आलेला. पाणी मीटरमध्ये कुठून येणार, तर समोरच्या काचेचं रबर. उन्हाने कडक होऊन कोपऱ्यात सुटलेलं, पावसाळ्यात तिथून थेंब थेंब डॅशच्या आत उतरत असणार, आणि ऑइलच्या दिव्याचा होल्डर नेमका त्या वाटेवर. हे सापडल्याचा मला मनापासून आनंद झाला, कारण नुसता नवा बल्ब त्या होल्डरमध्ये घालून बसवला असता तर एखादवेळी लागला पण असता आणि पुढच्या पावसाळ्यात परत मेला असता, कोणाला न कळता.

साफ करायला शाळेचं खोडरबर. पॉलिश पेपर वापरू नका, तांब्याचा थर फार पातळ असतो, दोन घासात उडून जातो. खोडरबराने हलक्या हाताने चमक येईपर्यंत, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसून कोरडं. होल्डरच्या पितळी कानांना किंचित बाहेर उचललं म्हणजे दाब चांगला बसतो, किंचितच, जास्त उचलले तर फिरवताना तांब्याची रेष फाडतात. रेष कुठे तुटलीच असेल तर तेवढ्यापुरती बारीक वायर सोल्डर करून जोडता येते, इथे तशी वेळ आली नाही.

बल्ब आणायला जुने बल्ब खिशात घालून गेलो, हेच करावं, गाडीचं नाव सांगून मागितलेला बल्ब बरोबर असेलच असं नाही. दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत, काचेच्या बुडाची रुंदी आणि वॅट. मीटरमध्ये बारीक बल्ब १.२ वॅटच्या आसपासचे असतात आणि जाडे ३ किंवा ३.४ वॅटचे. जाड्याच मापात पार्किंगचा ५ वॅटचा पण येतो, होल्डरमध्ये अगदी तसाच बसतो, आणि काही लोक उजेड जास्त पडावा म्हणून तोच घालतात. घालू नका. ३.४ वॅटचा बल्ब पाव अँपिअरच्या जरा वर घेतो, ५ वॅटचा ०.४ च्या वर, आणि तो सगळा ताव बंद मीटरच्या आत, होल्डर वितळतो, मागचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, बल्बवरची रंगीत रबराची टोपी असेल तर ती चिकटते. कंपनीने जेवढा दिलाय तेवढाच. जुन्या बल्बवर अशी हिरवी-निळी टोपी असेल तर ती फाडू नका, नव्यावर चढवा, मीटरचा रंग तिनेच येतो.

इथे जिभाऊंचा पुतण्या मध्ये पडला, त्याला निळे एलईडी टाकायचे होते, पोरगा हौशी आहे आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, एलईडी कमी तापतो, कमी करंट घेतो, धक्क्याने तार तुटायचा प्रश्न नाही. पण माझं मत मी स्पष्ट सांगितलं. स्वस्तातल्या एलईडीचा उजेड एका दिशेने फेकला जातो, त्यामुळे मीटरवर मधे भगभगीत गोल आणि कडेचे आकडे अंधारात, साध्या बल्बचा चारी बाजूंना पसरतो. निळा उजेड रात्री डोळ्यात खुपतो, जिभाऊंच्या वयाला तर जास्तच, आणि आपण हे काम करतोय तेच मुळी त्यांना रात्री रस्ता नीट दिसावा म्हणून. एलईडीला प्लस-मायनस असतं, उलटा बसला तर लागत नाही, तेव्हा काढून अर्धा फेरा उलटा करून घालायचा, पण हे कळायला मीटर बसवायच्या आधी लावून बघावं लागतं.

आणि बॅटरीच्या लाल दिव्याच्या जागी तर एलईडी घालायचाच नाही, हे मी कोणालाही सांगेन. कित्येक जुन्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोला, सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो, त्या करंटने आतलं चुंबक जागं होतं आणि मग चार्जिंग सुरू होतं. साधा बल्ब पुरेसा करंट जाऊ देतो, एलईडी फारच थोडा. मग काय होतं, सकाळी गाडी चालू केली तरी रेस जोरात दिल्याशिवाय चार्जिंगच सुरू होत नाही, आणि माणूस अल्टरनेटर खोलत बसतो, दोष असतो मीटरमधल्या बल्बात. पुतण्याने ऐकलं. तो म्हणाला मग निदान टेपचा लाईट तरी निळा करू, म्हणलं ते कर.

नवे बल्ब घातले, ऑइलच्या दिव्याला पण नवाच, जुना चांगला असला तरी, कारण मीटर उघडा होता. हाताचा घाम लागलेली काच कोरड्या कपड्याने पुसली. मीटरची काच आतून ब्रशने झाडली, आपल्याकडची काळ्या मातीची धूळ इतकी बारीक असते की बंद मीटरमध्ये पण जाऊन बसते, आणि तिच्यामुळे पण उजेड बराच कमी होतो. काट्यांना हात लावला नाही, काटा जरा हलला की स्पीड चुकीचा दाखवतो.

परत बसवताना एक थांबा महत्त्वाचा. सगळे स्क्रू आवळायच्या आधी कनेक्टर लावा, बॅटरीची मायनस लावा आणि चावी ऑन करून एकेक दिवा बघा. ऑइल, बॅटरी, हँडब्रेक, मग पार्किंग लाईट लावून उजेड, मग डिपर-अपर करून निळा, मग दोन्ही इंडिकेटर. ऑइलचा लाल दिवा लागला तेव्हा जिभाऊ खाली वाकून बघत होते, त्यांना तो दिवा तिथे आहे हेच नव्याने कळल्यासारखं झालं. इंजिन सुरू केलं, लगेच विझला. मग परत मायनस काढून केबल बसवली, केबल बसल्याचा खट्ट आवाज हाताला जाणवला पाहिजे, अर्धवट बसली तर स्पीडचा काटा थरथरतो किंवा हलतच नाही. मीटर मागे ढकलताना केबलला कुठे मुरड पडत नाही ना ते बघितलं. स्क्रू बेताने आवळले, प्लास्टिकमध्ये जोर लावला की चुरा.

शेवटी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजलं. हे का, तर बल्ब वारंवार जात असतील तर दोष बल्बचा नसून चार्जिंगचा असू शकतो. चालत्या गाडीत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असायला हवेत. बल्बचं आयुष्य व्होल्टेजवर फार अवलंबून असतं, ५ टक्के जास्त झालं तरी ते जवळपास निम्म्यावर येतं. १५ च्या वर दाखवत असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय, आणि मग मीटरचेच काय हेडलाईटचे बल्ब पण टिकणार नाहीत, बॅटरीचं पाणी आटेल. इथे व्होल्टेज या हद्दीतच होतं, म्हणजे बल्ब वयाने आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी गेले, तापलेली तार मऊ असते, तिला कच्च्या रस्त्याचे धक्के सोसत नाहीत.

काचेचं रबर मात्र घरी करायचं काम नव्हतं. गाडीच्या काचा बसवणाऱ्याकडून कोपऱ्यात सीलंट भरून घेतलं, पाऊस सुरू व्हायच्या आधीच, आणि नंतर पाइपाने काचेवर पाणी मारून डॅशखाली हात घालून बघितलं, कोरडं होतं. ऑइल पण बदलून घेतलं, काळं झालेलंच होतं.

जिभाऊंच्या मुलाकडे नवी गाडी आहे, तिचं पण असंच करून द्या म्हणून तो मागे लागलाय, पण तिच्यात होल्डर फिरवून काढायचे बल्बच नाहीत, बारीक एलईडी थेट सर्किटवर सोल्डर केलेले आणि किलोमीटरचा आकडा पण त्याच बोर्डावरच्या चिपमध्ये. तिथे सोल्डरिंगचा हात बसलेला माणूसच पाहिजे. चावी ऑन करून कोणता दिवा लागतो नि कोणता नाही एवढं मात्र त्याच्याकडून तिथल्या तिथे बघून घेतलं, सगळे लागले.